कोर्सच्या आधी काम दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्हाला समोरासमोर धन्यवाद म्हटलं की तुम्ही विषय बदलता आणि "सध्या काय वाचतेयस?" असं विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. संगणक क्षेत्रात शिरायचंय, पण कुठला कोर्स करावा आणि कुठली परीक्षा द्यावी या प्रश्नाशी अडलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणी भेटतंच असं नाही. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं, एवढी इच्छा आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ वाणिज्य शाखेची पदवी होती, हिशेबाच्या कामाचा अनुभव होता आणि एका प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक होतं. त्यात नवख्यांसाठी सायबर सुरक्षेचं 'संपूर्ण पॅकेज' होतं. एकामागून एक प्रमाणपत्रं, आणि सगळ्यात वर सीआयएसएसपी, म्हणजे सुरक्षेतल्या अनुभवी लोकांसाठी असलेलं प्रमाणपत्र. पैसे भरायची मुदत जवळ आली होती. तुम्ही ते पत्रक शांतपणे वाचलंत आणि त्या शेवटच्या नावावर बोट ठेवलंत. ही परीक्षा पास झालं तरी प्रमाणपत्रासाठी सुरक्षेच्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांतला, एकूण पाच वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ठरावीक पात्रता असेल तर त्यातलं एक वर्ष कमी होतं. अनुभवाशिवाय पास झालेल्यांना फक्त 'असोसिएट' म्हणून नोंदवतात. पत्रकात यातलं एक अक्षरही नव्हतं. तुम्ही त्या संस्थेला नावं ठेवली नाहीत. परीक्षेची अट शिकवणाऱ्याच्या जाहिरातीत वाचायची नाही, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या कागदावर वाचायची, एवढंच सांगितलंत. त्या दिवशी माझे पैसे वाचले, पण त्याहून मोलाची होती ती ही सवय.

त्यानंतर तुम्ही मला जो क्रम दिलात तो सगळे ज्या क्रमाने जातात त्याच्या अगदी उलटा होता. आधी काम ठरव, मग त्या कामाला कुठली परीक्षा उपयोगी पडते ते बघ, आणि कोर्सचा विचार सगळ्यात शेवटी कर. प्रोग्रॅम लिहायचे आहेत की यंत्रं चालती ठेवायची आहेत? डेटा हाताळायचा आहे की सुरक्षा बघायची आहे? मला उत्तर देता येईना, तेव्हा तुम्ही नोकरीच्या जाहिराती वाचायला लावल्यात. त्याही अर्ज करण्यासाठी नाही. मला आवडतील अशा पदांच्या जाहिराती गोळा करायच्या आणि त्यांत काय 'आवश्यक' म्हटलंय, काय 'असल्यास प्राधान्य' म्हटलंय, ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचं. रकाने भरत गेले तसं दिसू लागलं की प्रमाणपत्रांची नावं बहुतेक दुसऱ्या रकान्यात पडतायत. पहिल्या रकान्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग, छोटी कामं आपोआप करवून घेणारी एखादी स्क्रिप्टिंगची भाषा आणि डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल पुन्हा पुन्हा येत होतं. सिस्टिम अ‍ॅडमिनचं, म्हणजे यंत्रं चालती ठेवण्याचं, काम मला करायचंय हे मला त्या वहीनेच सांगितलं.

प्रमाणपत्रांना तुम्ही कधी कमी लेखलं नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. या क्षेत्रातले बरेच अनुभवी लोक "कागदाला काय विचारतेस" म्हणून मोकळे होतात. ज्यांना नोकरी आधीच मिळालेली आहे त्यांना असं म्हणणं सोपं जातं. ओळखपाळख नसलेल्या माणसाचा अर्ज निदान कुणी उघडून बघावा, यासाठी कागद लागतो, हे तुम्ही मान्य केलंत. पण परीक्षा आपल्याकडून काय करवून घेते, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायला शिकवलंत. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या प्राथमिक प्रमाणपत्राचे दोन पेपर असतात आणि त्यांत बरेचसे प्रश्न पर्यायांचे. तरीही अगदी नवख्याला हार्डवेअरपासून सुरक्षेपर्यंतची भाषा त्या अभ्यासातून एका शिस्तीत मिळते. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या अ‍ॅडमिनच्या परीक्षेत मात्र पर्याय नाहीतच. समोर चालू यंत्र देतात, कामं देतात, इंटरनेट नसतं, आणि केलेलं काम यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकलं पाहिजे. कुबरनेटीस म्हणजे बऱ्याच यंत्रांवर प्रोग्रॅम चालते ठेवणारी प्रणाली, तिच्या प्रशासकांसाठी असलेल्या सीकेए परीक्षेत दोन तास टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, काम करायचं असतं, आणि अधिकृत दस्तऐवज उघडून बघायला परवानगी असते, कारण रोजच्या कामातही आपण ते बघतोच. ओएससीपी या सुरक्षा-चाचणीच्या परीक्षेत जवळजवळ चोवीस तास यंत्रांमध्ये शिरायचा प्रयत्न करायचा आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत अहवाल लिहून द्यायचा. या परीक्षा शेजारी शेजारी ठेवून तुम्ही समजावलंत, तेव्हा "कुठलं सर्टिफिकेट चांगलं?" हा माझा प्रश्न किती अपुरा आहे ते कळलं.

प्रमाणपत्रांच्या मुदतीचंही तुम्हीच सांगितलंत. सिस्कोचं नेटवर्किंगचं सीसीएनए, आरएचसीएसए आणि अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची म्हणजे एडब्ल्यूएसची असोसिएट पातळीची प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एक वर्षच चालतात, पण त्यांचं नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होतं. एके काळी ज्याचा दबदबा होता ते मायक्रोसॉफ्टचंच एमसीएसई तर 31 जानेवारी 2021 ला बंदच झालं. सीसीएनएचे पूर्वी वेगवेगळे फाटे होते, ते फेब्रुवारी 2020 मध्ये एकाच परीक्षेत आले. हे ऐकून मी धास्तावले, तेव्हा तुम्ही दुसरी बाजू मांडलीत. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट टीसीपी/आयपीवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, गेलं 1 जानेवारी 1983 ला, आणि आजही आपण तेच शिकतोय. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचा रिलेशनल (तक्त्यांच्या) डेटाबेसवरचा लेख 1970 चा, आणि त्याच कल्पनेवर उभं असलेलं एसक्यूएल अजून प्रत्येक जाहिरातीत आहे. म्हणून माझ्या वेळापत्रकात तुम्ही सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं, कागद-पेन्सिलीने करायला लावलंत, पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क उभं करायला लावलंत, आणि क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांचा, नंबर त्यानंतर लावलात.

पदवीबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी इतरांनाही सांगते. माझ्याजवळ एक पदवी होती, कमावणं गरजेचं होतं, म्हणून दुसऱ्या पदवीत आत्ता वर्षं घालवू नकोस, असा सल्ला दिलात. पण तोच प्रश्न बारावी झालेल्या एका मुलाने तुम्हाला विचारला, तेव्हा त्याला पदवीच घे म्हणालात. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कम्पायलर हे एकाग्रतेने शिकायला पुन्हा इतका सलग वेळ मिळत नाही, आणि काही पदांचे दरवाजे पदवीशिवाय उघडतच नाहीत. एकाच दिवशी दोघांना दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. मलाही तुम्ही डेटा स्ट्रक्चर्समधून, म्हणजे माहिती मांडून ठेवायच्या रचनांमधून, सुटका दिली नाहीत. एमआयटीने 2002 पासून खुली केलेली व्याख्यानं आणि टिपणं दाखवलीत आणि बसवलंत.

ताई, सगळ्यात जास्त आभार मात्र तुम्ही मुद्दाम बिघडवून दिलेल्या यंत्रांसाठी. माझ्या साध्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन आभासी लिनक्स यंत्रं उभी करायला लावलीत आणि मग त्यांतलं एखादं तुम्ही मोडून ठेवायचात. एकदा डिस्कवर भरपूर जागा दिसत होती आणि तरी नवी फाइल बनत नव्हती, 'जागा शिल्लक नाही' म्हणत होती. मी परवानग्या तपासल्या, डिस्क तपासली, लॉग म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी वाचल्या. तुम्ही शेजारी बसून होतात, एक शब्द बोलला नाहीत. शेवटी विचारलंत, "जागा म्हणजे फक्त बाइट्सच का?" मग मला आयनोड सापडले, म्हणजे फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी. लिनक्सच्या ईएक्सटी-4 या फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या फाइल सिस्टिम तयार होतानाच ठरते, प्रत्येक फाइलला एक लागतो, आणि तुम्ही लाखो रिकाम्या फाइली बनवून ते संपवून ठेवले होते. काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं, हे सगळं लिहून काढायला लावलंत आणि ते टिपण गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास राखणाऱ्या साधनात, ठेवायला सांगितलंत. तुम्ही ती टिपणं खरोखर वाचायचात. दिवसभर स्वतःचं काम करून, रात्री माझ्या नोंदीतली एखादी चुकीची आज्ञा शोधून कळवणारं माणूस मला दुसरं माहीत नाही.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्या प्रमाणपत्राचं नाव वाचलं आणि पुढे गेल्या. त्या थांबल्या त्या टिपणांपाशी. सर्व्हरवर लॉग लिहिले जात नाहीयेत, कुठून सुरुवात करशील, असं विचारलं. मी बोलत राहिले आणि त्या मध्येमध्ये अडवून "आणि तेही ठीक असेल तर?" म्हणत राहिल्या. मला अगदी तुमच्याजवळ बसल्यासारखं वाटलं.

फुटलेल्या प्रश्नांचे संच सुचवणारेही भेटले होते, तेही अभ्यासाच्या नावाखाली. परीक्षेच्या करारात त्याला मनाई असते आणि उघडकीस आलं तर प्रमाणपत्र रद्द होतं, हे तुम्ही सांगितलंत. पण तुम्ही जास्त बोललात ते त्यानंतरच्या रात्रीबद्दल. सर्व्हर बंद पडलेला, लोक खोळंबलेले आणि हाताशी फक्त पाठ केलेली उत्तरं. माझ्या वाट्याला अशी रात्र आली, ताई. सर्व्हर चालू झाला तेव्हा पहिला संदेश तुम्हालाच पाठवला होता.

आता आरएचसीएसएच्या पुढच्या, आरएचसीई परीक्षेची तयारी करतेय. त्यात अ‍ॅन्सिबल या साधनाने बरीच यंत्रं एका वेळी हाताळायची असतात. विषयांची अधिकृत यादी घेतली आहे आणि रोजच्या कामातलं काय त्यात बसतं यावर खुणा केल्यात. व्हॉल्टचा, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं कुलुपबंद ठेवण्याचा, भाग अजून कच्चा वाटतो. यादी सोबत पाठवतेय. सवड होईल तेव्हा बघा, आणि जमलं तर माझी एखादी प्लेबुक, म्हणजे कामांची लिहिलेली यादी, मोडून ठेवा.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी