विल्यम सिम्प्सन यांची उपेक्षा

महोदय,

ब्रिटिशकालीन चित्रांवरील आपल्या पुरवणीतील लेखात विल्यम सिम्प्सन (१८२३–१८९९) यांना जेमतेम एक ओळ मिळाली, म्हणून हे पत्र. ग्लासगोत गरीब घरात जन्मलेले सिम्प्सन शिळाछापाच्या (दगडावरून छपाई करण्याच्या) कारखान्यात उमेदवारी करून घडले आणि क्रिमियाच्या युद्धातील जलरंगचित्रांमुळे ‘क्रिमियन सिम्प्सन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १८५९ मध्ये लंडनच्या ‘डे अँड सन’ या छापखान्याने अडीचशे चित्रांच्या ग्रंथासाठी त्यांना हिंदुस्थानात धाडले. सुमारे तीन वर्षे मुलूख पालथा घालून केलेल्या रेखाटनांवरून त्यांनी लंडनमध्ये जलरंगचित्रे पूर्ण केली, तोच छापखान्याचे दिवाळे निघाले आणि ती चित्रे दिवाळखोराचा माल म्हणून विकली गेली. १८६७ च्या ग्रंथात अवघी पन्नास आली. पुढे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी ते सुएझपासून पेकिंगपर्यंत फिरले. मात्र त्या काळी वृत्तपत्रात छायाचित्र छापता येत नसल्याने त्यांची रेखाटने लाकडी ठशांवर कोरली जात आणि जलरंगातील पारदर्शक उजेड त्या काळ्या रेघांत साहजिकच हरवे. त्यांच्या उपेक्षेचे एक कारण मला हेच वाटते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांची मूळ चित्रे आहेत. पुढील लेखासोबत त्यांपैकी एखादे रंगीत छापावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे