दुरुस्ती करायची तर बिऱ्हाड हलवावंच लागतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लंडनच्या संसदेच्या दुरुस्तीचं घोंगडं अजून भिजतच पडलंय ही बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, कारण आमच्याकडे सेम हेच आठ वर्षं चाललं होतं. घर जांभ्याचं, कौलारू, पणजोबांनी बांधलेलं. गणपती झाले की बघू, मग शिमगा झाला की बघू, तेवढ्यात आगोट येते, मग चार कौलं बदलायची, वर प्लास्टिक टाकायचं आणि पावसाळा काढायचा. शेवटी सुतार माळ्यावर चढला, वाशात स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला, वाळवीने नुसतं टरफल ठेवलं होतं. खाली उतरून म्हणाला, दादा, आधी माणसं बाहेर काढा, मगच मी हात लावतो.

वेस्टमिन्स्टरचं, म्हणजे लंडनच्या त्या संसदेच्या इमारतीचं, दुखणं वेगळं नाही. तळघरात वाफेचे पाइप, गॅस, पाणी, विजेच्या केबल सगळं एकमेकांना चिकटून, भिंतींत ॲस्बेस्टॉस, आणि आगीच्या भीतीने चोवीस तास माणसं गस्त घालतायत. ४ एप्रिल २०१९ ला चर्चा चालू असताना वरून पाणी गळायला लागलं आणि कामकाज थांबवावं लागलं. पाऊस नव्हे हां, पाइप! आपल्याला निदान पावसावर तरी ढकलता येतं.

बरं, आग काय करते हे त्यांना कोणी शिकवायला नको. १६ ऑक्टोबर १८३४ ला अडगळ नको म्हणून जुन्या हिशोबाच्या, खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या लॉर्ड्सच्या (वरिष्ठ) सभागृहाखालच्या भट्टीत घातल्या आणि रात्रीत संसद भरायची तो जवळजवळ अख्खा राजवाडा गेला, १०९७ चा वेस्टमिन्स्टर हॉल आणि इकडचा तिकडचा थोडा भाग तेवढा वाचला. आज दिसते ती इमारत बॅरी आणि प्युजिन या वास्तुविशारदांनी त्यानंतर उभी केलेली. तरी २०१८ ला मतदान घेऊन दुरुस्तीसाठी इमारतीतून बाहेर पडायचं ठरवलं, २०१९ ला कायदा केला, आणि २०२२ ला परत पहिल्यापासून विचार सुरू.

काही खासदारांना म्हणे भीती, एकदा बाहेर पडलो की परत येणं होणार नाही. अहो, १९४१ ला बॉम्ब पडून कॉमन्सचं (कनिष्ठ) सभागृह जळालं तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात बसून कारभार केलाच की, आणि १९५० ला परत आलेच ना आपल्या जागी? कॅनडावाल्यांनी तर संसदेशेजारच्या वेस्ट ब्लॉक नावाच्या इमारतीच्या अंगणावर काचेचं छत घातलं, आपण लग्नात मांडव घालतो तसं, आणि २०१९ पासून तिथे कामकाज चालू केलं, मागे जुनी इमारत कारागिरांना मोकळी.

आम्ही मार्चात चुलत्यांच्या पडवीत बिऱ्हाड हलवलं. आई रडली, देव कुठे ठेवायचे यावरून दोन दिवस अबोला झाला, माजघरातल्या बोर्डामागची वायर काढली तर वरचं रबर हातात भुगा होऊन आलं (इतकी वर्षं त्याच्याखाली झोपत होतो). पण मिरगाच्या आत काम संपलं.

आता आमच्याच तालुक्यातल्या एका जुन्या सरकारी ऑफिसबद्दल. तेही जांभ्याचं, तेही चालू, रेकॉर्डच्या खोलीवर दर मे महिन्यात निळी ताडपत्री चढते, खाली कपाटांच्या मधे बादल्या. दुरुस्तीचं विचारलं तर उत्तर येतं, एवढं दप्तर हलवायचं कुठे? यंदा ताडपत्री पिवळी आलीय.

आपला,
एक वाचक, गुहागर