आखाजीनंतर चि. मेघनास

यावल, रविवार

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

आखाजीची, अक्षय्य तृतीयेची, सुट्टी अर्धवट टाकून तू भुसावळहून गाडी धरलीस, त्याला आता आठवडा होत आला. खापरावरची दुसरी पुरणपोळी तुझ्या ताटात पडताना जिजी जे बोलली ते तिने बोलायला नको होते, हे मी तिला सांगितले आहे. तिने ते कितपत मनावर घेतले असेल हे तूच ओळख. जिजीचे राहू दे. मी लिहायला बसलो आहे ते निघताना ओट्यावर उभी राहून तू जे म्हणालीस त्याविषयी. "आप्पा, मी डाएट सोडले आहे, उपचार चालू आहेत."

शास्त्राच्या मास्तराला दुसऱ्याच्या सांगण्यावर भागत नाही, म्हणून मी थोडे वाचन केले. पीसीओएस, म्हणजे तुझा हा बीजांडकोशाचा आणि संप्रेरकांचा विकार, त्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२३ साली ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने नव्याने निघाल्या. एखादा विशिष्ट आहार दुसऱ्याहून सरस असल्याचा पुरावा नाही आणि वजन उतरले नाही तरी चांगल्या आहारविहाराचा लाभ होतोच, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे त्या जिममधल्या आहाराच्या तक्त्याने तुझ्या ताटातून भाकरी, भात आणि केळी काढून टाकली त्याला फारसा आधार नव्हता. केळीच्या बागेवर जिची इंजिनिअरिंगची फी भरली, त्या मुलीने केळे सोलण्यापूर्वी आजूबाजूला कोणी पाहत नाही ना याची खात्री करून घ्यावी, हे मला त्या वेळीही बघवत नव्हते.

या विकारात पुष्कळ जणींचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे ते अधिक इन्सुलिन तयार करते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनने बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात, मग बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. दिवसभर जिऱ्याच्या पाण्यावर राहायचे आणि रात्री हॉस्टेलच्या खोलीत शेवेचा डबा संपवून रडत आईला फोन करायचा, या तुझ्या त्या वर्षांतल्या क्रमाने यातले काय सुधारणार होते? तुझ्या आहारतज्ज्ञ बाई ताटातून काढण्यापेक्षा ताटात भर घालायला सांगतात, वेळेवर जेवायला सांगतात, भूक लागली आहे की नुसता कंटाळा आला आहे ते ओळखायला सांगतात, हे मला पटले. ज्वारीत उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, तुरीच्या डाळीचे फुणके आणि कढी यांत प्रथिनेही आहेत आणि चोथाही आहे, तेव्हा आपल्या घरचे जेवण तुला वर्ज्य नाही. लहानपणी शेतात तुराट्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचे, तेव्हा तू केळीच्या पानावर अर्धी भाकरी तशीच टाकून पाटाच्या पाण्याकडे पळायचीस आणि आईची बोलणी खायचीस. पोट भरले की उठायचे, हे तुला कोणी शिकवले नव्हते; पुढे कोणत्या तरी तक्त्याने ते विसरायला लावले.

आता मूळ गोष्ट. साखरेची तपासणी करून घे. फोनवर मी हे विचारले की तू विषय बदलतेस, म्हणून लिहितो आहे. वजनकाटा तू माळ्यावर टाकलास त्याला माझी ना नाही, परंतु वजन मोजायचे नाही म्हणजे काहीच मोजायचे नाही असे होऊ नये. त्याच सूचनांत लिहिले आहे की पीसीओएस असलेल्या प्रत्येकीने, तिचे वजन कितीही असो, निदान झाले की साखर तपासावी आणि पुढे एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासत राहावे. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दुसऱ्या वेळचा आकडा १४० च्या आत असला तर चिंता नाही, २०० किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह धरतात, आणि मधला असेल तर सावध होऊन आवरता येतो. तुझ्या निदानाला किती काळ झाला ते मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

पाहा, पुन्हा वर्ग घेऊ लागलो. राग मानू नकोस. आपल्या घरातल्या बायचा पाय तू पाहिला नाहीस, तू तेव्हा पाळण्यात होतीस. जिजीला वाटते साखर जाड माणसाला होते. बाय तर काटकुळी होती, आणि तिला साखर आहे हे आम्हाला जखम चिघळल्यावर जळगावच्या दवाखान्यात कळले. घरातली साखर आणि तुझा विकार या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझी झोप उडते.

तू आठवड्यातून दोनदा वजने उचलतेस आणि उरलेले दिवस कामावर सायकलने जातेस हे पंकजने सांगितले. आईने कपाळाला हात लावला. मी मात्र ते बाजारात वाण्यालाही सांगून आलो, आणि तीन वेळा सांगितले असे तुझी आई म्हणते. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, असेच त्या सूचनांतही आहे, म्हणजे तू पुढेच आहेस. रात्री झोप लागत नाही हेही पंकजच बोलला. या विकारात मन खचते, त्याचीही विचारपूस डॉक्टरांनी करावी असे लिहिलेले आहे, तेव्हा ते त्यांच्यापासून लपवू नकोस. जमले तर माझ्यापासूनही.

आई म्हणते हे लिहाच, म्हणून लिहितो: तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहत बसू नकोस, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे बरे नव्हे, डॉक्टर गोळ्या देऊन ती आणतात. तपासणीचे पैसे मी खात्यावर टाकले आहेत, परत पाठवू नकोस. शनिवारी सकाळी गेलीस तर नोकरीची रजा पडणार नाही, आणि रक्त देऊन झाल्यावर आधी पोटभर नाश्ता कर. अहवाल आला की त्याचा फोटो मला पाठव. आकडा कसाही असला तरी आईला तू सांगू नकोस, मी सांगेन.

तुझा,
आप्पा