जाहीर आभार: सोमवारी घरी येणाऱ्या सलूनवाल्या दादांना

दादा,

नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. अमळनेरात ओळखणारे ओळखतीलच.

अप्पांना लकवा झाल्यापासून आमच्या घरात काय चाललंय ते गल्लीला माहीत आहे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हे सुरतला कामाला. सासूबाईंना गुडघे उठू देत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, ठसका न लागता घोटघोट पाणी पाजायचं, हे सगळं मी शिकले. दाढीला मात्र हात धजेना. एक तर सून म्हणून संकोच. त्यात रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू, पातं जरा लागलं तरी रक्त लवकर थांबत नाही. आणि अप्पा म्हणजे एसटीतले ड्रायव्हर, पहाटेच्या गाडीलासुद्धा गुळगुळीत दाढी करून, मिशा नीट बसवून निघणारे. त्या वाढलेल्या दाढीत ते कुणी परकेच वाटायला लागले होते.

तुमच्याआधी मदतीला आलेल्यांबद्दल थोडं बोलते, मनात साठलंय. ‘घरी माणूस पाठवतो’ म्हणणाऱ्या एजन्सीने पैसे आगाऊ घेतले. आलेला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि ऊन तापायला लागलं तसा यायचाच बंद झाला. एका दुकानात विचारलं तर ‘पेशंटला इकडे घेऊन या’. आणायचं कसं, ते नाही सांगितलं. पाहुण्यांचं तर विचारूच नका. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा आणि कानात ओरडायचं, ‘ओळखलं का मला?’ अहो, अप्पांना ऐकू चांगलं येतं! सत्तरी ओलांडलेल्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड आहे, पण ते दवाखान्यात भरती असेपर्यंत. घरी आणल्यावर जे सुरू होतं, त्याला कुठलंच कार्ड नाही. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली. जन्मभर जी गाडी चालवली तिची पायरी आता अप्पांना चढता येत नाही.

आणि तुम्ही आलात. तुमच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, लाइट गेलेली असताना. गोळ्यांचं सांगितलं तर वस्तरा पिशवीतच ठेवून मशीन काढलंत. पण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

तुम्ही मशीन लगेच चालू केलं नाहीत. खाटेच्या डाव्या अंगाला बसलात, आरसा अप्पांच्या तोंडासमोर धरलात आणि विचारलंत, ‘अप्पा, मिशा ऱ्हाऊ दू ना?’

मी मागून सांगणारच होते, ‘काढून टाका, भरवताना बरं पडतं.’ तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. आरसा धरून थांबलात. बराच वेळ. हात दुखला असेल तुमचा. मग अप्पांनी मान हलवली, हो म्हणून. तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘बारीक करू?’ मान आडवी हलली, आणि चांगली जोरात. सासूबाई आतून हसल्या. दवाखान्यातून आणल्यापासून या घरात अप्पांना कुणी काही विचारलंच नव्हतं. काय खायचं, कुठे निजायचं, कुठला सदरा, सगळं आम्हीच ठरवायचो.

वाचा गेलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट विचारावी, हो-नाही म्हणता येईल अशी, आणि उत्तराला वेळ द्यावा, हे मला पुढे वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी समजावलं. समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत, म्हणाल्या. तुम्हाला हे कुणी शिकवलं दादा? की रोज खुर्चीवरच्या माणसाला ‘कसं ठेवू?’ विचारून विचारून अंगात मुरलंय? खाटेवर पडलेलाही गिऱ्हाईकच, त्याचं डोकं त्याच्याच मालकीचं, एवढं साधं धरून चालणारी माणसं फार थोडी भेटतात. पैसेही दुकानातलेच घेतलेत. वरची नोट परत केलीत तेव्हा मला राग आला होता, खरं सांगते.

आता काम. पुढच्या महिन्यात अप्पांच्या भाच्याची हळद आहे. आपल्या भागातली रीत तुम्हाला माहीत आहे, सगळी भावकी लोटते. अप्पांना व्हीलचेअरवर नेणार आहोत. तेव्हा त्याआधीच्या सोमवारी या, चहाला थांबायच्या तयारीने या. मिशांना रंग लावायचा का, ते तुम्हीच विचारा. आम्ही विचारलं की ते डोळे मिटून घेतात.

तुमची,
अप्पांची सून