नावं बदल, मनू

सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही प्रकरणं वाचली. पानिपतावर लिहायला घेतलंस याचा आनंद आहेच, पण भाऊसाहेबांच्या तोंडी वाक्य घालताना हात थांबतो असं लिहिलंस, ते मला जास्त आवडलं. थांबायलाच हवा. जगून गेलेल्या माणसाच्या मनात शिरताना त्याला विचारायची सोय नसते. म्हणून कादंबरीच बाजूला ठेवायची, हे मात्र पटत नाही. हाच पेच घेऊन एक लेखक उभा जन्म लिहितो आहे, त्याच्याबद्दल सांगते.

गाय गेव्रिएल के. जन्म १९५४ चा, कॅनडातला, वाढले विनिपेगला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉल्किन १९७३ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘द सिल्मरिलियन’ अपुरं आणि नाना खर्ड्यांत विखुरलेलं होतं. मुलगा ख्रिस्तोफर ते लावायला बसला. त्याच्या बायकोचं माहेर विनिपेगचं, के यांच्या घराशी ओळख. त्यातून विशीतला हा विद्यार्थी ऑक्सफर्डला मदतीला गेला. एकाच कथेचे वेगवेगळे पाठ समोर ठेवायचे आणि जुळवायचे, हे काम. पुस्तक १९७७ मध्ये निघालं. एवढा मोठा लेखकही किती वेळा चुकीच्या वाटेनं जाऊन परत फिरतो, हे त्यांना कोवळ्या वयातच बघायला मिळालं. तू पहिलं पान सारखं फाडतेस म्हणून कष्टी होतेस. फाडू नकोस, ठेव.

परतल्यावर ते काही लगेच लेखक झाले नाहीत. टोरांटोला कायदा शिकले, १९८१ मध्ये सनद मिळाली. पण कोर्टात उभं राहण्याऐवजी कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओसाठी खऱ्या फौजदारी खटल्यांवरची श्रुतिकांची मालिका लिहू लागले. पहिली कादंबरी आली १९८४ मध्ये. कंपनीचे करार वाचण्यात वर्षं फुकट चालली असं तू म्हणतेस. मला तसं वाटत नाही. खटल्यात दोन्ही बाजू पुरत्या ऐकाव्या लागतात, आणि तो कान त्यांच्या पुस्तकांत मला जागोजाग जाणवतो. नोकरी आत्ता सोडू नकोस.

सुरुवातीची तीन पुस्तकं टॉल्किनच्याच वाटेवरची. स्वतःची वाट सापडली ती १९९० च्या ‘तिगाना’त. प्रबोधनकाळातल्या इटलीसारखा, आपसांत भांडणाऱ्या संस्थानांचा एक द्वीपकल्प. चाल करून आलेल्या राजाचा मुलगा त्यातल्या एका प्रांताशी लढताना मारला जातो. राजा जादूगार आहे. सूड म्हणून तो त्या प्रांताचं नावच पुसतो. तिथं आधी जन्मलेल्यांनाच ते उच्चारता आणि ऐकता येतं; इतरांच्या कानांना ते पकडताच येत नाही. ही पिढी संपली की नावही संपणार. जेत्यांनी गावांची, भाषांची नावं पुसल्याचे दाखले इतिहासात थोडे नाहीत, पण वाचताना ते इतकं काळजाला भिडलं नव्हतं. तुझ्या पुस्तकात जादू आणायचीच असेल, तर तिला असं काम दे. नुसती सजावट नको.

पुढे १९९५ मध्ये मुस्लिम राजवटीतल्या स्पेनवरचं पुस्तक आलं. त्यात तीन धर्म आहेत: एक सूर्याला मानणारा, एक ताऱ्यांना, एक चंद्रांना. (त्या जगाच्या आकाशात चंद्र दोन.) कोण म्हणजे कोण, हे जाणत्याला कळतं, पण आपली ठरलेली बाजू घेऊन वाचकाला आत येता येत नाही. मनू, आपल्याकडे याची फार गरज आहे गं. भाऊसाहेब म्हटलं, होळकर म्हटलं, नजीबखान म्हटलं की वाचकाचा निकाल पान उघडण्याआधीच लागलेला असतो. नावं बदललीस तर त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल. शिवाय मेलेल्या माणसांच्या तोंडी आपली वाक्यं घातल्याचं ओझं उरणार नाही. के यांनीही हे कारण वेळोवेळी मांडलं आहे. ही पळवाट नव्हे, मर्यादा पाळणं आहे.

आपल्या भाषेला हे परकं नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ ची. काळ शिवाजीमहाराजांचा, पण किल्ला कल्पनेतला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. २०१० च्या ‘अंडर हेवन’मध्ये आठव्या शतकातला, तांग घराण्याच्या राजवटीतला चीन आहे, आन लुशान या सरदाराच्या ७५५ च्या बंडाच्या उंबरठ्यावरचा, अर्थात नावं बदलून. एका सेनापतीचा मुलगा वडिलांचं सुतक पाळायला डोंगरांतल्या तळ्याकाठी जातो. वीस वर्षांपूर्वी तिथं मोठी लढाई होऊन हजारो माणसं पडलेली, हाडं तशीच उघड्यावर. तो एकटा ती पुरत राहतो, आपली आणि शत्रूचीही, फरक न करता. रात्री भुतांचा आक्रोश चालतो. त्यातला एखादा आवाज थांबला की समजायचं, आज त्या माणसाची हाडं मातीआड झाली. मी पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ. पानिपतानंतर आलेल्या पत्रातली ती सांकेतिक भाषा आठवली: दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोत्यांवर आपण अडीचशे वर्षं लिहितो आहोत. खुर्द्याचं काय?

तुझ्या दुसऱ्या प्रकरणात यात्रेला म्हणून फौजेबरोबर निघालेली ती बाई आहे ना, बाजारबुणग्यांत चालणारी, ती खुर्दा आहे. तिला मध्यावर आण. सरदारांची मसलत दोन पानांत आटप. ती फार लांबली आहे आणि त्यातलं सगळं आम्हाला ठाऊक आहे. छावणी अडकल्यावर दाणा कुठून येतो, लाकूडफाटा कोण आणतं, मेलेल्या जनावरांचं काय करतात, हे तिच्या डोळ्यांनी दाखव.

एक मात्र बजावते. नावं बदलली म्हणून अभ्यास सैल पडू द्यायचा नाही. के यांच्या पुस्तकांतले ऋणनिर्देश वाच, कितीतरी इतिहासकारांची नावं सापडतील. तुझ्या कल्पनेतल्या नदीलाही उतार कुठे आहे, पूर कधी ओसरतो, ते पक्कं हवं.

गणपतीत येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ, भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसू. मोडी मी वाचून दाखवीन, टिपणं तू घे. तोवर नदीचं आणि तिच्या गावाचं नाव ठरवून कळव. तिसरं प्रकरण कागदावर छापून पाठव. बाबांना मोबाइलवर वाचवत नाही आणि ते रोज विचारताहेत.

तुझी,
आई