आशाताई, तुम्ही माझंही विचारलंत

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा रात्री रक्तवाढीची शेवटची गोळी घेतली. बाळंतपणानंतरचे १८० दिवस पुरे झाले. पाकीट टाकून द्यायला उचललं आणि हात थांबला. म्हटलं, आधी ताईंना लिहायचं. तुम्ही आमच्या वस्तीतल्या आशा स्वयंसेविका, घरोघरी येऊन गरोदर बायकांची आणि बाळांची चौकशी करणाऱ्या. समोर आलात की तुम्ही बाळाचं वजन करायला घेता आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. भाद्रपदातला पाऊस, गणपतीची गर्दी, त्यातून तुम्ही पर्वती पायथ्याच्या आमच्या बोळात छत्री मिटत शिरलात. मला पाचवा महिना होता. तुळशीबागेतल्या दुकानात दिवसभर उभं राहून संध्याकाळी घरी आले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर पर्वतीच्या १०३ पायऱ्या बोलत बोलत चढायचे. तेव्हा मात्र घराचा जिना चढतानाही धाप लागत होती. तपासणीत रक्तातलं हिमोग्लोबिन ८.९ म्हणजे कमी निघालं, अकरा तरी हवं होतं. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या, एका ऐवजी दोन लाल गोळ्या सांगितल्या, शिवाय कॅल्शियमच्या दोन. जिथे गोळ्या मिळाल्या तिथे एवढंच सांगितलं, "रोज घ्यायच्या." कशा, कधी, काय होईल, कोणी बोललं नाही.

तुम्ही विचारलंत, "घेतेस ना?" मी "हो" म्हटलं. खोटं बोलले. तुम्ही पाकीट मागितलंत, खिडकीच्या उजेडात धरलंत आणि भरलेल्या गोळ्यांवरून अंगठा फिरवलात. ३० पैकी २१ तशाच होत्या. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलणी खाणार. तुम्ही म्हणालात, "काय त्रास होतो, ते सांग आधी."

ताई, हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. मग मी सगळं सांगितलं. गोळी घेतली की मळमळतं, पोट साफ होत नाही, शेजारच्या काकू म्हणतात या गोळ्यांनी बाळ काळं होतं. तुम्ही खाली बसलात, तासभर बसलात. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही, हे सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत. आम्ही चारही गोळ्या सकाळी दुधाबरोबर एकदम घेत होतो, ते ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. दूध आणि कॅल्शियम बरोबर असलं की लोह अंगी लागत नाही, चहानेही तेच होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग तुम्ही वेळा बसवून दिल्यात. कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लाल गोळी दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आणि दुसरी झोपताना. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तमच. चहा गोळीच्या आधी तासभर नको, नंतरही तासभर नको. सासूबाईंचं रात्रीचं हळदीचं दूध संध्याकाळवर आलं. ते त्यांनी कसं मान्य केलं, मला अजून नवल वाटतं.

आणि जाता जाता दारात उभं राहून म्हणालात, "संडासला काळं होईल. घाबरायचं नाही, गोळी बंद करायची नाही." चौथ्या दिवशी खरंच तसं झालं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी त्याच दिवशी पाकीट फेकून दिलं असतं, हे मी शपथेवर सांगते.

तेव्हापासून दुकानातल्या लाल टिकल्या घरी आणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक चिकटवायला लागले. दोन्ही गोळ्या झाल्या तरच टिकली. दर महिन्याला रक्त तपासलं. ८.९ चं ९.८ झालं, मग १०.७, आणि नवव्या महिन्यात ११.३. अकराच्या वर गेलं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी रडले, आणि तुमचाही हात माझ्या पाठीवर बराच वेळ होता.

पण ताई, खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या सहा महिन्यांचे.

मुलगी झाली. घर माणसांनी भरून गेलं. डिंकाचे लाडू आले, हळीव आले. जो येईल तो बाळाला बघायचा. माझ्या गोळ्या कपाटावर गेल्या, मीच ठेवल्या. बाळंतपण झालं, आता कशाला, असंच वाटलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, सातव्या दिवशी आलात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येत राहिलात. बाळाचा ताप बघितलात, नाळ बघितलीत, वजन केलंत, आणि मग दर वेळी माझ्याकडे वळून विचारलंत, "तुझी गोळी?" मी म्हटलं, "दुधातून बाळाला मिळावी म्हणून घ्यायची ना?" तुम्ही म्हणालात, "नाही गं. दुधात लोह थोडंच असतं, तुझ्या गोळीने ते फारसं वाढत नाही. ही तुझ्या रक्तासाठी आहे. बाळंतपणात गेलंय ते भरून यायला नको?"

त्या घरभर गर्दीत कोणीतरी माझ्या रक्ताचं विचारत होतं.

नंतर कुठेतरी वाचलं की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं, आणि गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या शंभरात २६ च होत्या. बाकीच्या चौऱ्याहत्तर जणी आळशी असतील यावर माझा विश्वास नाही. त्यांना काय त्रास होतो, हे कोणी विचारलं नसेल. तुम्हाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तोही वेळेवर हातात पडत नाही, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही पाकिटं मोजत चाळीतून चाळीत फिरता.

आता एक काम सांगते. आमच्या शेजारच्या खोलीत नवीन सून आली आहे, तिला तिसरा महिना आहे. फोलिक ॲसिड चालू आहे, पण लाल गोळ्या सुरू होणार म्हणून आत्तापासून घाबरली आहे. मी तिला सांगितलं सगळं, तरी तुमच्या तोंडून ऐकलेलं वेगळं. ती दुपारी तीननंतर घरी असते. सोमवारी या. माझी रिकामी पाकिटं मी जपून ठेवली आहेत, तिला दाखवायला उपयोगी पडतील. आणि नाचणीचे लाडू केले आहेत, ते तुम्हाला खावेच लागतील.

तुमची,
पर्वती पायथ्याच्या चाळीतली मुलगी