एकेकट्याच्या गाड्या आणि कंपनीचे पार्किंग

संपादक महोदय,

इंदूरच्या वाहतुकीची चर्चा उड्डाणपूल, सिग्नल आणि ई-रिक्षा यांच्यापुढे सहसा सरकत नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा ही साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस (बससाठी राखीव मार्गिका) उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ मध्ये हटवायला घेतली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रो सुरू झाली, पण पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, जेमतेम सहा किलोमीटरचा. सुदामानगर किंवा तिलकनगरातून निघणाऱ्या नोकरदाराची त्याने सोय होत नाही. २२ सप्टेंबर २०२३ ला शहराने ‘नो कार डे’ही पाळला. असा एक दिवस पाळल्याने ऑफिसची वेळ, पार्किंग आणि पेट्रोलभत्ता बदलत नाही, आणि माणूस सकाळी गाडी काढतो तो या तिन्हींकडे पाहूनच. ही तिन्ही नगर निगमाच्या हातात नाहीत, कंपनीच्या मालकाच्या हातात आहेत. म्हणून हे पत्र विजयनगर, सुपर कॉरिडॉर, सांवेर रोड आणि पिथमपूरच्या मालकांसाठी आणि त्यांच्या एचआर विभागांसाठी.

आधी पार्किंग. कार उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. वळवायची-काढायची वाट धरली की एका कारमागे २५ ते ३० चौरस मीटर होतात. आत टेबलाशी बसलेल्या तिच्या मालकाला याच्या निम्मीही जागा मिळत नाही. तरी या जागेचे भाडे कर्मचाऱ्याकडून कोणी घेत नाही. ते कंपनी भरते आणि हिशेबात ते ‘इमारत’ या नावाखाली बुडून जाते. त्यावर हुद्द्याप्रमाणे पेट्रोलभत्ता. बसने येणाऱ्या क्लार्कला मात्र यातले काहीच नाही. थोडक्यात, एकट्याने कार आणण्यासाठी कंपनी पैसे देते आणि मग फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली की वाहतूक पोलिसांना नावे ठेवते.

यावर कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला. मालक कर्मचाऱ्यांसाठी पार्किंगची जागा भाड्याने घेत असेल, तर ती न वापरणाऱ्याला तेवढी रक्कम रोख घेण्याचा पर्याय त्याने द्यायचा. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी तिथल्या आठ मालकांकडे याचा अभ्यास केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवत येणारे १७ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे असा कायदा नाही, पण असे करायला बंदीही नाही. पेट्रोलभत्त्याचे नाव बदलून ‘प्रवासभत्ता’ करावे, रक्कम कार, स्कूटर, बस, सायकल सगळ्यांना सारखी द्यावी आणि पार्किंग हवे असेल त्याच्याकडून ठरावीक रक्कम घ्यावी. वर्षाचा पास काढून देऊ नये. एकदा पैसे भरले की माणूस ते वसूल करायला रोज कार आणतो. रोजची पावती चांगली.

आता कारपूल. बहुतेक कंपन्या व्हॉट्सॅप ग्रुप काढून मोकळ्या होतात आणि दोन महिन्यांत त्या ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा उरतात. ग्रुपआधी यादी लागते. प्रत्येकाकडून चारच गोष्टी घ्याव्या: घराजवळचा चौराहा, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, आणि सध्या कशाने येतो. नुसता पिनकोड पुरत नाही. ४५२००९ मध्ये इतक्या वसाहती येतात की दोघे ‘शेजारी’ तीन किलोमीटरवर निघतात. पूर्ण पत्ता तर मागूच नये. स्त्रियांचे पत्ते आणि फोन क्रमांक यादीतून फिरता कामा नयेत. जुळणी एचआरमधल्या एकाच व्यक्तीने करावी आणि दोन्ही बाजूंचा होकार आल्यावरच क्रमांक द्यावा. मार्गापासून दहा मिनिटांपेक्षा जास्त वळसा पडत असेल, तर ती जोडी टिकत नाही. कागदावर कितीही जुळली तरी.

कारपूल मोडतो तो संध्याकाळी. साहेब साडेपाचला मीटिंग लावतात, तिघे खाली ताटकळतात आणि चौथ्या दिवशी प्रत्येक जण आपापली गाडी काढतो. त्यामुळे सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास नवी मीटिंग नाही, हा नियम लेखी हवा आणि तो वरच्यांनाही लागू हवा. दुसरी सोय म्हणजे अडचणीत घरी पोचवण्याची हमी: मूल आजारी पडले, काम अचानक लांबले, तर कंपनीच्या खर्चाने कॅब. महिन्याला दोनदा अशी मर्यादा घातली की गैरवापराची भीती राहत नाही. लोक ती क्वचितच वापरतात. ती आहे एवढ्यावरच ते गाडी घरी ठेवायला तयार होतात. रात्रपाळीच्या स्त्रियांसाठी मात्र हमी पुरेशी नाही, तिथे घरापर्यंत वाहन हवेच.

पैशांचा हिशेब सुरुवातीलाच लिहून ठेवावा. एका बाजूने १४ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस म्हणजे ६७२ किलोमीटर. शहरात लिटरला १४ किलोमीटर धरले तर ४८ लिटर, आणि पेट्रोल शंभर रुपयांनी मोजले तरी ४,८०० रुपये. तिघांत प्रत्येकी १,६००. वाटून घ्यायचा तो इंधनाचाच खर्च. त्यावर नफा घेतला की खाजगी गाडी भाड्याने चालवल्यासारखे होते, आणि खाजगी कारच्या विम्यात भाड्याचा वापर धरलेला नसतो. अपघात झाल्यावर हे कळून उपयोग नाही. तिघांकडेही कार असेल, तर आठवड्याची पाळी लावणे सर्वांत सोपे, पैशाचा प्रश्नच येत नाही. कारपूलच्या गाड्यांना फाटकाजवळची, सावलीतली जागा राखून द्यावी आणि आत येतानाच गार्डने माणसे मोजावी. किमान तीन हवेत. काही जण शेवटच्या वळणावर एखाद्याला बसवून घेतात, म्हणून या जागेचे स्टिकर यादीतल्या गाड्यांनाच द्यावे.

इंदुरात मात्र खरी गर्दी दुचाकींची आहे, आणि त्यातल्या बऱ्याच एकट्याच धावतात. एका स्कूटरवर दोघे यायला कंपनीने फार काही करायचे नसते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि बहुतेक वेळा घोडे तिथेच अडते. आयएसआय मार्कची काही हेल्मेटे आणि धुता येणाऱ्या कापडी टोप्या रिसेप्शनवर ठेवाव्या. पावसाळ्यात हीच जोडी मोडते, तेव्हा त्यांना कारच्या यादीत जागा द्यावी.

बसची गोष्ट वेगळी आहे. पिथमपूरच्या कारखान्यांत कामगार वर्षानुवर्षे कंपनीच्या बसने येतात; त्याच फाटकातून अधिकारी मात्र एकेकटे कारने. बस साधी असते हे एक कारण, पण मोठे कारण मार्ग. एखाद्या साहेबाच्या गल्लीसाठी बस आत वळते, मग दुसऱ्याच्या, आणि तासाचा प्रवास पावणेदोन तासांवर जातो. बस मोठ्या रस्त्यावरूनच न्यावी: अन्नपूर्णा रोड, महू नाका, राजेंद्रनगर, राऊ. थांबे सात-आठच ठेवावे. थांब्यावर दोन मिनिटे, त्यापुढे कोणासाठीही थांबायचे नाही. सीधा रस्ता ४० मिनिटांचा असेल, तर बसला ५५ पेक्षा जास्त लागू देऊ नयेत. सांवेर रोडवर २०-३० माणसांच्या लहान युनिटांना स्वतःची बस परवडत नाही. तिथे शेजारच्या पाच-सहा युनिटांनी सुटण्याची वेळ एक करून बस वाटून घ्यावी. वेळ एक न करता बस ठरवली, तर ती अर्धी रिकामी धावते आणि वर्षभरात बंद पडते.

बस ठरवताना आसनांकडे नीट पाहावे. चालक धरून १३ पेक्षा जास्त आसने मंजूर असलेल्या वाहनाच्या भाड्यावर जीएसटीचे क्रेडिट (भरलेला जीएसटी कंपनीच्या देय करातून वजा करण्याची सोय) मिळू शकते, १३ किंवा त्याहून कमी असतील तर एरवी मिळत नाही. १२ अधिक चालक अशा दोन ट्रॅव्हलर (लहान मिनीबस) घेण्याऐवजी २६ आसनी एक घेतली, तर हिशेब वेगळा निघतो. बसवाला जीएसटी कोणत्या दराने लावतो यावरही ते ठरते, म्हणून सहीआधी करार सीएला दाखवावा. घर ते ऑफिस अशी कंपनीने दिलेली ने-आण आयकरात कर्मचाऱ्याची करपात्र सवलत धरली जात नाही, हेही कर्मचाऱ्यांना सांगावे. पुष्कळांना पगारातून कर कापला जाईल अशी शंका असते. परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती दर तीन महिन्यांनी मागून घ्याव्या.

सायकल पाच किलोमीटरच्या आतल्यांसाठी. मे महिन्यात तीही बंद पडणार, ते गृहीत धरावे. पुढचे चाक अडकवायचा स्टँड लावू नये. त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लागत नाही. जमिनीत रोवलेले उलट्या ‘यू’ आकाराचे पाइप, दोन पाइपांत मीटरभर अंतर, वर पत्रा, आणि गार्डला बसल्या जागेवरून दिसेल अशी जागा. तोंड-हात धुऊन शर्ट बदलायला एक खोली.

हे सगळे सुरू करण्याआधी फाटकावर मोजणी करावी. साडेआठ ते साडेदहा, सलग पाच कामाचे दिवस, वाहने आणि त्यांतली माणसे. कार आणि दुचाकी वेगळ्या. रंगपंचमीच्या गेरचा (रंगांच्या मिरवणुकीचा) किंवा दिवाळीचा आठवडा नको, आणि मोजणी आहे हे आधी जाहीर करू नये. ३०० माणसे २५० वाहनांतून येत असतील, तर वाहनामागे १.२ माणसे पडतात. तोच आकडा १.५ झाला तर वाहने २०० वर येतात. घरून काम करण्याची मुभा असेल, तर वारही लिहावा. सगळ्यांनी शुक्रवारच घेतला असेल, तर सोमवारच्या गर्दीत काही फरक पडत नाही. तीन महिन्यांनी त्याच गार्डकडून, त्याच रजिस्टरमध्ये पुन्हा मोजणी करावी आणि भत्त्याची रक्कम त्यावरून वर-खाली करावी.

आपले,
कर्मचारी-वाहतुकीच्या नियोजनाचे काम करणारे काही इंदूरकर